खिळ्याच्या भोकातून आलेलं ग्रहण

बस, आधी नीट बस. उभ्या उभ्या वाचायचं पत्र नाही हे. आणि तो फोन आधी पालथा घाल. मांडीवर लुकलुकत ठेवलास तर पुढचं एक अक्षर वाचायचं नाही.

तुला रागवायचंच आहे मला. परवा तू तो सूर्याचा फोटो पाठवलास, मधे काळाकुट्ट, कडेनं विस्तवाची बांगडी. खाली एवढंच लिहिलंस, "आजी, असं कधी पाहिलंयस का?" मी चष्मा शोधून आणते तोवर दुसरा फोटो आला, जांभळ्या ढगांचा, तिथे म्हणे तारे जन्माला येतात. मग तिसरा, कुठल्या ग्रहाच्या कड्यांचा. अगं, प्रश्न विचारला की उत्तरापुरतं तरी थांबावं माणसानं. की प्रश्नही तसाच, आला आणि गेला?

फोनवर सांगायला गेले तर तू "हं, हं" करत दुसरंच काही बघत असतेस, मला ऐकू येतं ते. म्हणून लिहून काढते आहे. शाळेत मी फारशी गेले नाही, जे काही येतं ते चुलीपुढे बसून, पुडीच्या कागदावरची अक्षरं लावून शिकलेलं. आणि आमची तंजावरी मराठी तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना जुन्या पोथीतली वाटते हेही ठाऊक आहे, तेव्हा त्यांना वाचून दाखवलंस तरी कळेल असं लिहिते. आत्याचं बोलणं मात्र आत्याचंच ठेवणार. ते मला बदलता येणार नाही.

तर उत्तर असं, की पाहिलंय. पण आकाशात नाही. माझ्या स्वतःच्या पोटावर पाहिलंय.

थांब, हसू नकोस. सगळं सांगते.

कुंभकोणात मी लग्न होऊन आले ती माझ्या सख्ख्या आत्याच्या घरी. आमच्यात मामाची मुलगी करतात, त्यामुळे आत्याचा मुलगा तोच माझा नवरा. माझी आई मी लहान असतानाच गेली. वडील चोळपुरमला, एकटे, शेतीत; तिथे घरात बाईमाणूस नाही. म्हणजे सासू तीच, आई तीच. लोक म्हणायचे नशीबवान आहे पोर. होतेच. पण रुसून निघून जायचं म्हटलं तर जायचं कुठे? सासरचं दार आणि माहेरचं दार एकच, आणि त्याची किल्ली आत्याच्या कमरेला.

पहिल्या खेपेला मला सातवा सरत आला होता. दारासुरमच्या एका विणकराकडे आत्यानं माझ्यासाठी साडी मागावर चढवली होती, वांगी रंगाची, मोरपिशी काठाची. हौस आत्याची. "चल गे, मागावर असतानाच बघून येऊं, अर्धी झालेली साडी बघायची मजा वेगळीच," म्हणून तिनंच मला बसनं नेलं. जवळच तर आहे. बसनं दोनचार धक्के दिले असतील, नसतीलही. त्याच संध्याकाळी कळ आली आणि सगळं संपलं. मुलगा होता. मला दाखवला नाही.

डॉक्टरीण म्हणाली, बसचा काही संबंध नाही. घरातले सगळे तेच म्हणाले. आत्याला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, चार शब्द भांडून ती मोकळी झाली असती. साडी विणून घरी आली तेव्हा तिनं ती उलगडलीसुद्धा नाही, तशीच ट्रंकेच्या तळाशी घातली.

दुसऱ्यांदा मला दिवस गेले तेव्हा आत्यानं ठरवून टाकलं की मी हलायचंच नाही.

आपलं घर तुला ठाऊकच आहे, गल्लीतल्या इतर घरांसारखं, रुंदीला बेताचं आणि लांबीला न संपणारं. पुढे तिण्णै, म्हणजे रस्त्याकडचा ओटा. मग पुढची खोली, मग मधला मोठा सोपा, चौक, स्वयंपाकघर, आणि अगदी मागे विहीर. मला तिण्णै बंद झाली, कारण उंबरठा ओलांडावा लागतो. विहीर बंद, तिथे शेवाळ. पुढच्या खोलीची खिडकी बंद, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर. उरला सोपा आणि चौक. चौकात वर बघितलं की चौकोनी आभाळ. कावळा एका कडेनं शिरायचा, दुसऱ्या कडेनं निघून जायचा. कुठून आला, कुठे गेला, मला कधी कळायचं नाही. अर्धं वाक्य ऐकू यावं तसं वाटायचं ते. रस्त्यावर भांडी विकणारा ओरडायचा, पितळेवर पितळ आपटायचं, मी नुसती आवाजावरून ओळखायचे की हा तांब्या, ही घागर.

मरुदानल्लूरला भजनाला घरातली सगळी गेली तेव्हा आत्या माझ्यापाशी थांबली. तिचं भजन कधी चुकलेलं नव्हतं.

"जा की गं आत्या. मी काय पळून जाणार आहे?"

"मज काय करायचं तिथे? तुझ्या पोटात चाललंय ते भजनच की. तेंच ऐकतें."

जाच असता तर रडले असते, वडिलांना निरोप धाडला असता. हे जाचाच्या पलीकडचं होतं. तुपात पडलेल्या मुंगीला काय वाटत असेल ते त्या महिन्यांत मला कळलं. सगळीकडून तूप, पण पाय हलवायला जागा नाही.

अशात ग्रहणाची बातमी आली. सूर्याचं, सकाळचं. तुझे आजोबा शाळेत मास्तर, वर्तमानपत्र घेऊन आनंदानं घरभर फिरत होते.

"लंकेत भर सकाळी काळोख होणार म्हणे! परदेशांतून लोक दुर्बिणी घेऊन आलेत. आपल्याकडे नखाएवढा सूर्य उरेल."

"सूर्य उरेल का न उरेल तें तुझं वर्तमानपत्र बघून घेईल," आत्या म्हणाली. "मज माझी सून उरायला हवी."

"अम्मा, मी काचेला काजळी धरून ठेवलीय. चौकातून तिला एक क्षणभर..."

"काच म्हणालास? पुन्हा म्हण बघूं. तुझ्याच तोंडाला काजळी फासतें."

आजोबा माझ्याकडे बघून हळूच हसले आणि काच कोनाड्यात ठेवून दिली. मी सोप्याच्या खांबाला टेकून सगळं ऐकत होते. खरं सांगू? मला ते बघायचं होतं. फार बघायचं होतं. कित्येक दिवस मी दुसरं काहीच पाहिलेलं नव्हतं. पण त्याहून जास्त मला ते मूल हवं होतं. गर्भार बाईनं ग्रहण पाहिलं, की ग्रहणाची सावली तिच्यावर पडली, की मूल फाटक्या ओठाचं निपजतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तुला हसू येईल. मला तेव्हा आलं नाही.

आत्यानं पुढची खोली निवडली. विचार करून निवडली. आतल्या खोल्यांवर कौलं, कौलांतून उजेड गळतो. पुढच्या खोलीवर पक्की गच्ची, दार एक, खिडकी एक. आदल्या दिवशी तिनं खिडकीची लाकडी दारं ओढून घेतली, फटींत चिंध्या कोंबल्या, वरून तांदळाच्या खळीनं कागद चिकटवले. दाराखालच्या फटीला घोंगडी. मग तिनं खोलीतलं लोखंड वेचून काढलं. आमच्या घरचा नेम असा, की ग्रहणात गर्भार बाईजवळ टोकदार काही असू नये. विळी गेली, सुया गेल्या, कुलूप गेलं. माझ्या अंबाड्यातले आकडे तिनं एकेक काढून घेतले, पदराची पिन काढली. खिडकीच्या दारावर बाहेरच्या अंगानं तोरण बांधायला ठोकलेला एक जुना खिळा होता, त्याचं टोक फळीतून आत डोकावत असे. आत्याला तेही दिसलं. पक्कड मागवून तिनं तो खिळा स्वतः उपटला, जोर लावून, दातओठ खात. उपटला आणि पदरात बांधून घेऊन गेली.

भोक राहिलं. तिन्हीसांज झालेली, बाहेरही अंधारूनच आलं होतं, तेव्हा ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

सकाळी मला अंघोळ घालून चटईवर निजवलं, डोकं खिडकीकडे, पाय भिंतीकडे. चटईखाली दर्भ. माझं नक्षत्र बाधणारं निघालं होतं म्हणून शास्त्रीबुवांनी मंत्र लिहून दिलेली ताडपत्राची पट्टी कपाळाला बांधली. दिसत असेन मी ध्यान!

"उताणी पडून राहा. कूस वळूं नकोस, पाय मुडपूं नकोस. अंग खाजलं तरी खाजवूं नकोस, पोराच्या अंगावर डाग उठतो. बोलूं नकोस. झोपूं नकोस."

"श्वास घेऊ ना?"

"घे. हळूं."

ती बाहेर गेली आणि कडी वाजली.

"कडी कशाला गं आत्या?"

"तूं उठशील. मज ठाऊक नाहीस काय तूं?"

मग काळोख. असा काळोख मी त्याआधी पाहिला नव्हता. वळकट्यांचा आणि खळीचा आंबूस वास. दाराबाहेर आत्याच्या ओल्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. ती स्पर्शाचं, म्हणजे ग्रहण लागतानाचं, स्नान करून तशीच माळ घेऊन बसली होती. पुरुष कावेरीवर गेले होते. समोरच्या घरातली मामी तमिळमधून ओरडून विचारत होती, मुसळ उभं राहिलं का. पितळेच्या ताटात पाणी घालून त्यात मुसळ उभं करतात, ग्रहण असेपर्यंत ते आधाराशिवाय उभं राहतं म्हणे.

"राहिलंय," आत्या ओरडली. "तुमचं?"

"आमचं आत्ताच पडलं. पुन्हा उभं करते."

मला हसू आलं, आणि हसले तर चालतं का हे विचारायचं राहिलं म्हणून मी ते गिळलं. तेवढ्यात भिंतीवर काहीतरी दिसलं.

पायांकडच्या भिंतीवर, अगदी खाली, एक उजेडाचा ठिपका. बोराएवढा. आधी वाटलं डोळ्यांत रक्त उतरलंय. पापण्या मिटून उघडल्या. ठिपका तिथेच. गोल होता, पण पुरता गोल नव्हता. कडेला कुणी दातानं तोडल्यासारखा. मी बघत राहिले आणि तो चावा वाढत गेला.

मला समजायला वेळ लागला. पोरी, तू शाळेत असताना बुटांच्या खोक्याला टाचणीनं भोक पाडून आणलं होतंस आठवतं? भोकातून सूर्य आत घ्यायचा आणि पलीकडच्या कागदावर बघायचा. तू मला समजावत होतीस, "आजी, सगळीकडून अंधार हवा, तरच आतलं चित्र दिसतं." मी मान डोलावत होते. त्या खोक्याच्या आत निजलेली बाई मी आहे, हे तुला कसं सांगणार होते तेव्हा? आत्यानं फटी उघड्या ठेवल्या असत्या तर तो ठिपका उजेडात विरून गेला असता. तिनं जितकं जास्त लिंपलं, तितकं ते चित्र स्वच्छ झालं.

ठिपका भिंतीवरून उतरला. जमिनीवर आला. सूर्य वर चढत होता तसा तो माझ्याकडे सरकत होता. दिसत नाही असं हळू, पण नजर काढून पुन्हा टाकली की पुढे आलेला. मग तो माझ्या पोटाच्या आड गेला आणि दिसेनासा झाला. पोट केवढं होतं! उताणी पडल्यावर मला माझे पाय दिसत नसत. तो पलीकडे कुठेतरी माझ्या पायांवरून चढत असणार. मला काहीच लागत नव्हतं, ऊब नाही, काही नाही. विंचू अंगावर चढतोय हे माहीत असावं आणि तो जाणवू नये, तसं.

आता तू विचारशील, उठून भोक बुजवायचं होतंस. कसं उठू? उठायचं तर पाय मुडपायचे, कूस वळायची, आणि तेच करायचं नव्हतं. पडून राहायचं तर तो येतोय. इकडे नेम मोडतो, तिकडे नेम मोडतो. दोन्हीकडून मूल माझंच.

"आत्या."

"गप्प."

"आत्या, दार उघड ना."

"वेडी काय तूं? दार उघडलं तर ग्रहण आंत येईल."

मी काय सांगणार होते? की आलंय? माझ्या गुडघ्यापर्यंत पोचलंय? तिनं दार उघडलं असतं, आणि मोठा उजेड आत आला असता. नसतं उघडलं तर बाहेर बसल्या जागी तिचं काळीज फाटलं असतं. दारासुरमच्या बसमधून ती अजून उतरली नव्हती, मला माहीत होतं. मी तोंड मिटलं.

हात हलवायला मनाई नव्हती. मी दोन्ही हात पोटावर आडवे धरले, छपरासारखे. आणि तो वर आला. डोंगराच्या माथ्यावर चंद्र यावा तसा माझ्या पोटाच्या माथ्यावर, माझ्या हातावर आला. तोवर त्याची कोर झाली होती. बारीक, वाकडी, पांढरीशुभ्र कोर, काचेच्या दोन बांगड्यांच्या मध्ये. हात हलवला की ती बांगडीवरून मनगटावर जायची. मूठ मिटली तर मुठीवर. पकडताही येईना, झटकताही येईना. मी हात धरून राहिले. खांदे भरून आले, बोटं थरथरायला लागली, तशी कोरही थरथरायला लागली. मग एक हात गळून पडला. मग दुसरा.

कोर लुगड्यावर पडली. तिथे, नेमकी.

मला रडू येईल असं वाटलं होतं. पण डोळे तिच्यावरून हलेनात गं. बाहेर कावळे ओरडायचे थांबले होते, कुठे तरी गाय हंबरत होती, आणि ती कोर पातळ होत होत नखाच्या कडेएवढी झाली. आजोबा काजळी धरलेल्या काचेतून आकाशात बघत असतील, तेच माझ्या लुगड्याच्या निळ्या चौकटीत येऊन बसलं होतं. इतक्या लांबून येऊन, एवढंसं होऊन. मी बघत होते आणि आतून पोरानं लाथ मारली. लुगडं उडालं आणि त्याबरोबर कोर उडाली. सूर्य हलला, पोरी. माझ्या पोरानं सूर्याला ढुशी दिली, तो टुणकन हलला आणि पुन्हा जागेवर आला. पुन्हा लाथ. पुन्हा हलला. त्या दोन क्षणांत ना खोली होती, ना कडी, ना नेम. असं काही मी पुढे आयुष्यात पाहिलं नाही.

मग कोर जाड होत गेली. पोटावरून सरकत छातीवर, खांद्यावर, आणि बाजूला चटईवर. आणि भीती जिथून गेली होती तिथून परत आली.

ग्रहण सुटलं, मोक्ष झाला, तसा बाहेर गलका सुरू झाला. आत्या स्नानाला गेली. मी तशीच पडून होते, आणि पायांकडच्या भिंतीवर मला फिकट काहीतरी हलताना दिसलं. रस्ता होता तो. आपली गल्ली, उलटी. समोरच्या घराची कौलं खाली, माणसं वर, डोकी खाली करून कावेरीवरून ओल्या कपड्यांनी परत येत होती. कितीतरी दिवसांनी मी रस्ता बघत होते, तोही पाय वर करून चालणारा. कोण कोण ते ओळखू येईना, पण एक तांबडं लुगडं होतं एवढं आठवतं.

कडी निघाली. आत्या आत आली. मला हात देऊन उठवायला वाकली आणि तशीच थांबली. चटईवर माझ्या खांद्यापाशी तो ठिपका होता, आता पुरता गोल. तिनं त्याच्याकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. मग पदर सावरून त्याला वळसा घालून पलीकडून आली. मला वाटलं, पाय ओले आहेत म्हणून चटईला जपतेय.

दुसऱ्या दिवशी खिळा पुन्हा आपल्या भोकात होता.

आणि त्या दिवसापासून आत्यानं कॉफी सोडली.

हे तुला साधं वाटेल, कारण तू आत्याला पाहिलेलं नाहीस. पहाटेची पहिली, दाट उतरलेली कॉफी तिची. पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हातभर उंचीवरून ओतत फेस आणणार, आणि ती पोटात जाईपर्यंत देवालासुद्धा तिच्याशी बोलायची छाती नव्हती. ती बाई आता कॉफीचा वास आला की मागच्या दारी जाऊन बसू लागली.

"का गं आत्या?"

"पित्त झालंय."

"वैद्यांना विचारू या?"

"तूं तुझं बघ."

डोकं दुखायचं तिचं, कपाळाला सुंठ लावून कामं करायची. चिडचिडी झाली. माझ्याशी तुटक बोलू लागली, पण माझ्या पानात तूप मात्र आधीपेक्षा जास्त. मी मनाशी धरलं की तिला काहीतरी कळलंय आणि ती माझ्यावर रागावलीय. विचारायची हिंमत नव्हती. विचारावं आणि तिला माहीतच नसावं, तर मीच सांगितल्यासारखं झालं असतं. म्हणजे आता सोप्यात आम्ही दोघी, शेंगा सोलत, वाती वळत, तोंडं मिटून. आधी दाराला कडी होती. आता जिभेला.

त्या दिवसांत मी माणसांचे फक्त ओठ बघायचे. दूधवाल्याचे ओठ, शास्त्रीबुवांचे, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींतले. रोज ठरवायचे, आज नाही विचार करायचा. आणि पोर लाथ मारायचं तेव्हा आधी आनंद व्हायचा आणि लगेच ती कोर दिसायची, तिथेच, लुगड्यावर. आनंद एकटा कधी आलाच नाही. शेजारच्या बायका यायच्या, कुणाच्या वहिनीचं काय झालं, कुणी ग्रहणात सुपारी कातरली आणि पोराचा कान कसा निघाला, अशा गोष्टी रंगवून सांगायच्या. आत्या त्यांना म्हणायची, "तुमच्या घरीं चूल नाही काय गे आज?" मला तेवढंच बरं वाटायचं.

दिवस भरले. दुपारची वेळ होती. घरीच, त्याच पुढच्या खोलीत, कारण तीच कोरडी आणि हवेशीर. या खेपेला खिडकी सताड उघडी होती. सुईण होती, आत्या होती. सगळ्या बायकांना होतं तसं झालं, ते काही सांगत बसत नाही. पोराचं रडणं ऐकलं आणि माझा जीव कानातून ओठांवर आला. सुईण म्हणाली मुलगी आहे. आत्यानं तिला कपड्यात घेतलं आणि माझ्याकडे न आणता सरळ खिडकीपाशी नेलं. पाठ माझ्याकडे. उजेडात धरून बघत राहिली. बघतच राहिली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, ओठ?"

ती गर्रकन वळली.

"तूं पाहिलंस?"

"तू पाहिलंस?"

"तुज कळलं होतं? त्या दिवशीं?"

"पोटावरच होती कोर. तुला कसं कळलं?"

"अगे, मोक्षाआधीं मागल्या दारीं गेलें, तों शेवग्याखालीं सगळं अंगण कोरींनी भरलेलं. पानापानांतून पडलेल्या. माझ्या लुगड्यावरसुद्धां. मग आंत येतें तों तुझ्या उशाशीं तो ठिपका. आणि खिळा मींच उपटलेला." तिनं पोर छातीशी घट्ट धरली. "पुन्हा मींच गे. दारासुरमलाहि मींच नेलं, आणि हेंहि मींच. तुज सांगितलं असतं तर तूं घाबरून पोर टाकली असतीस. म्हणून देवाला म्हटलं, माझी कॉफी घे, पण हिचे ओठ दे."

"आणि मी तुला सांगितलं नाही, तू मरशील म्हणून!"

सुईण आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "ओठाला काय झालंय?" ती म्हणाली. "चांगले लालबुंद ओठ आहेत. आवाज ऐका की त्यातून कसला निघतोय."

आत्यानं पोर माझ्या कुशीत ठेवली. मी बोटानं तो ओठ चाचपून बघितला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मध्येच तिनं माझं बोट तोंडात धरलं. तीच तुझी आई. त्या ओठांनी पुढे बोलण्यातून कधी उसंत घेतली नाही, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

आत्या दारात गेली आणि सोप्याकडे तोंड करून ओरडली, "कॉफी घाला रे कुणीतरी! दाट! आणि पाणी घातलंत तर बघा!" ती पेला घेऊन माझ्या उशाशी बसली, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून रडली. रडत रडत सगळी कॉफी प्यायली. बारशाला ट्रंकेच्या तळची वांगी साडी बाहेर आली. घड्यांवर जरा विरली होती. तशीच नेसवली तिनं मला, आणि त्याच आठवड्यात मला हाताला धरून उंबरठा ओलांडायला लावला, तिण्णैवर बसवलं. "बघ काय बघायचं तें," म्हणाली. मी रस्ता बघितला. सुलटा. खरं सांगते, आधी जरा ओळखूच आला नाही.

तर हे झालं तुझ्या एका ओळीच्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या फोटोतला सूर्य मोठा आहे, देखणा आहे. पण त्याला कुणी लाथ मारलेली नाही.

आता तू ये. लवकर ये, सुट्टी मिळत नाही वगैरे माझ्यापुढे चालणार नाही. तो खिळा अजून तिथेच आहे, गंजलाय, पण पक्कड लावली तर निघेल. माझ्या हातात आता तेवढा जोर उरला नाही, तुझा लागेल. सकाळच्या उन्हात खोली बंद करू, चटईवर दोघी शेजारी शेजारी पडू, आणि भिंतीवर आपली गल्ली पाय वर करून चालताना तुला दाखवते. दाराला कडी घालणार नाही, भिऊ नकोस. आईलाही घेऊन ये. आणि येताना उपाशी पोटी ये, कॉफी मी दाट उतरवून ठेवते.